घाटरस्त्याचे दोन चढ

रस्ता एकच होता, पण त्याचे चढ दोन निघाले आणि कोंडाजीच्या घरावर गदा आली.

कोंडाजी म्हणजे रस्त्याचा राखणदार. राजवाड्यापासून भैरोबाच्या माथ्यापर्यंत चार मैलांचा घाटरस्ता, त्यावरचे खड्डे बुजवायचे आणि मुरूम टाकायचा, हे त्याचं काम. पहिल्या मैलाच्या दगडाजवळ त्याची सरकारी चौकी होती. तिथे तो आणि त्याची मुलगी येसू राहत. दारात येसूच्या आईनं लावलेला शेवगा होता. आई गेली, शेवगा अजून शेंगा देत होता.

संस्थानचे राजे रणधवलराव यांनी विलायतेहून सायकल आणली होती. रोज सकाळी ते भैरोबाला सायकलनं जात. एक दिवस शेजारच्या संस्थानच्या राजांचं पत्र आलं, ‘आम्ही सायकलवर रोज बाराशे फूट चढतो. आपण किती?’

झालं. रणधवलरावांनी हुकूम सोडला, रस्त्याचा चढ मोजा. जिथे रस्ता चढतो तेवढं धरा, उतार सोडून द्या. आकडा दगडावर कोरायचा आहे.

कारखानीस नावाच्या अधिकाऱ्यानं हवेचा दाब पाहून उंची सांगणारं विलायती यंत्र नेलं. आकडा आला सातशे ऐंशी. राजांचं तोंड उतरलं. मग ओवरसियर घाणेकर साखळी आणि सपाटी पाहायची पाणसळ घेऊन गेले. त्यांचा आकडा तेराशे चाळीस.

“यांचं यंत्र ढग आले की राजवाडासुद्धा चाळीस फूट वर नेतं, सरकार,” घाणेकर म्हणाले. “परवा आपण जागचे न हलता तेवढे चढलात.”

“आणि यांची पाणसळ दगडाला ठेच लागली तरी डोंगर मोजते,” कारखानीस म्हणाले.

“एका रस्त्याचे दोन चढ कसे?” राजे गरजले. “तुमच्यापैकी एकजण मूर्ख आहे. कोण ते सांगा, त्याला घरी पाठवतो.”

कारखानीस हळूच म्हणाले, “सरकार, माझ्या मोजणीनंतर त्या कोंडाजीनं रस्त्यावर मुरूम टाकला.”

“टाकला खरा,” घाणेकर लगेच म्हणाले. “चांगला चार पाट्या.”

इतक्या दिवसांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. राजांनी कोंडाजीला बोलावून सांगितलं, “आठ दिवसांत रस्ता असा कर, की दोघांचा आकडा एक आला पाहिजे. नाही आला तर चौकी खाली कर.”

कोंडाजी घरी येऊन ओट्यावर बसला. “चार पाट्या मुरमानं साडेपाचशे फूट चढ वाढतो म्हणे,” तो म्हणाला. “माझ्या हाताला एवढी बरकत आहे हे मला ठाऊक नव्हतं.”

“तुम्ही फावडं उचलू नका, बाबा,” येसू म्हणाली. दोन्ही मोजण्यांच्या वेळी साहेबांना पाणी द्यायला तीच रस्त्याला होती. “आठव्या दिवशी मी येते.”

आठव्या दिवशी राजे माथ्यावर सायकल टेकवून उभे राहिले.

“केलास रस्ता?” त्यांनी कोंडाजीला विचारलं.

“रस्त्याला हात लावला नाही, सरकार,” येसू पुढे होऊन म्हणाली. “आकडा एक करून देते. कारखानीससाहेबांना विचारा, त्यांनी यंत्र कुठे कुठे पाहिलं?”

“प्रत्येक मैलाच्या दगडाशी,” कारखानीस म्हणाले.

“आणि मधे?”

“मधे... प्रवास.”

“मधे साहेब गाडीत झोपले होते. दगड आला की मी उठवत होते.”

घाणेकर खुदकन हसले. येसू त्यांच्याकडे वळली. “तुम्ही दर दहा हातांवर पाणसळ लावलीत, साहेब. खड्ड्याची कडसुद्धा चढात धरलीत. आता वहीत बघून एवढंच सांगा, दर मैलाच्या दगडापासून पुढच्यापर्यंत आपण किती वर आलो, सगळं मिळून? मधलं चढणं-उतरणं धरू नका.”

घाणेकर वही घेऊन बसले. बराच वेळ बोटं मोजली, दोनदा खोडलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, “सातशे ऐंशी.”

“झाला एक,” येसू म्हणाली.

राजांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “मग बाकीचा चढ गेला कुठे?”

“इथेच आहे, सरकार.” तिनं सुताराकडून आणलेली करवत पुढे धरली. “हिच्या दात्यांवरून मुंगी चालली तर प्रत्येक दाता चढेल, उतरेल. तिला विचारलं तर ती म्हणेल, घाट ओलांडला. वरून हत्तीनं पाय टाकला तर त्याला काही कळणारही नाही. करवत तीच. कारखानीससाहेब हत्तीच्या पावलानं आले, घाणेकरसाहेब मुंगीच्या.”

“ते राहू दे,” राजे म्हणाले. “मी कोणता आकडा कोरू? माझा चढ कोणता?”

कोंडाजीनं मुलीचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

“सरकार, मैलाच्या दगडांमधे लहान टेकाडं आहेत. यंत्रानं ती मोजलीच नाहीत. टेकाड आलं की आपले दोन भालदार मागून सायकल ढकलतात. म्हणजे सातशे ऐंशी फूट सरकारांचे. उरलेले पाचशे साठ भालदारांचे.”

मागे उभ्या दोन भालदारांनी हळूच आपल्या जोड्यांकडे पाहिलं.

राजे आधी लाल झाले. मग त्यांच्या मिशा हलल्या, पोट हललं आणि ते सायकलला धरूनच हसत सुटले.

“कोरा!” ते म्हणाले. “सातशे ऐंशी आमचे, पाचशे साठ यांचे. भालदारांची नावं घाला. आणि शेजारच्यांना लिहा, तुम्हाला मागून कोण ढकलतं ते आधी कळवा. कोंडाजी, चौकी तुझी, तुझ्यामागे हिची. आणि पोरी, तुला काय हवं?”

येसूनं सायकलकडे पाहिलं.

“ने बाई,” राजे म्हणाले. “माझे गुडघे तुला दुवा देतील.”

कोंडाजी आणि येसू सायकल मधे धरून निघाले. चौकीपर्यंत जवळजवळ सगळा उतारच होता. तो मोजायला कुणी आलं नाही.