बंदुकीचा पट्टा

तात्यासाहेब शेलार आपली बंदूक सिदू रखवालदाराला वापरायला देतात, असा अर्ज कचेरीत आला. सिदू मारहाणीची सजा भोगून सुटलेला. त्याच्या हाती हत्यार सापडलं तर दोघांवरही खटला.

तपासणीला तात्यासाहेब बंदूक घेऊन आले आणि गरजले, "ही माझ्याशिवाय कुणाच्या खांद्यावर चढत नाही!"

"मग अडकवून दाखवा," कारकून खांबेटे म्हणाले.

बुटक्या तात्यासाहेबांनी अडकवली. दस्ता थेट घोट्याला लागला. पट्टा सहाफुटी माणसाच्या मापाचा होता, आणि सहाफुटी सिदू मालकांची छत्री धरून दारातच उभा होता.

कचेरी खो खो हसली.

तात्यासाहेबांना जामीन मिळाला. सिदूला जामीन राहायला कुणी आलं नाही. बेड्या पडताना तो खांबेट्यांना एवढंच म्हणाला, "साहेब, मी नकोच म्हणत होतो. पट्टा मालकांनीच वाढवून दिला."