सोनवटच्या बाजाराचा शब्द

खूप जुन्या काळी, मीठ जेव्हा समुद्राकडून बैलांच्या पाठीवर येत असे, तेव्हा सोनवट नावाचे एक नगर होते.

तिथला वर्षाचा मोठा बाजार वैरातून जन्मला. सोनवटकर आणि डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या लढत होते. वाटा बंद पडल्या, मीठ संपले, गुरे भिंती चाटू लागली. तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या राणीने दवंडी पिटवली, "सुगी झाली की इथे बाजार भरेल. बाजार आहे तोवर इथे कोणी कोणाचा वैरी नाही. येईल त्याच्या जिवाला हे नगर जामीन."

पहिल्या वर्षी मूठभर लोक भीत भीत आले. ते सुखरूप परतले, म्हणून पुढच्या वर्षी आणखी आले. मीठ आले, घोंगड्या आल्या, घोडे आले. दुष्काळात धान्याचे तांडेही येऊ लागले. राणी गेली, तिची नातवंडे गेली. शब्द मात्र राहिला. बाजाराचा प्रमुख, म्हणजे शेटे, येणाऱ्या प्रत्येकाला पानसुपारी देऊन तोच शब्द ऐकवायचा.

नागोशेटे त्या पदावर होता, तेव्हाची ही गोष्ट. सीमेवरच्या एका चकमकीत सोनवटच्या राजाचा एकुलता एक मुलगा मारला गेला होता. ज्याच्या हातून तो मेला, तो डोंगरातला कान्हू त्या वर्षी आपल्या लेकीला घेऊन बाजारात घोंगड्या विकायला बसला.

राजा स्वतः शेट्याच्या घरी आला.

"शेटे, तो मला हवा आहे."

"महाराज, बाजार उठू द्या. मग तुम्ही आणि तो."

"एकदा डोंगरात शिरला की पुन्हा सापडायचा नाही. तुम्ही काही करू नका. दुपारी फक्त देवळात जाऊन बसा."

राजाचे डोळे रडून सुजले होते. शेट्याला त्याची दया आली, आणि खरे सांगायचे तर भीतीही वाटली. दुपारी तो देवळात जाऊन बसला.

किंकाळी ऐकून तो धावत बाहेर आला. कान्हू घोंगड्यांवर निपचित पडला होता. त्याची लेक त्याला उठवू पाहत होती. शेट्याला पाहून ती म्हणाली, "आजोबा, आम्हाला पानसुपारी तुम्हीच दिली होती ना?"



कोणी भांडले नाही, कोणी जाब विचारला नाही. व्यापाऱ्यांनी मुकाट्याने राहुट्या उतरवल्या आणि वाट धरली. पुढच्या वर्षी बाजाराच्या माळावर एकही बैल आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस आला नाही.

कोठारे रिकामी झाली, तेव्हा नागोशेटे समुद्रकाठच्या तांड्यांच्या नाईकाकडे गेला. नाईकाने त्याच्यापुढे जेवणाचे ताट ठेवले. शेट्याने ताटाला हात लावण्याआधीच पदर पसरावा तशी ओंजळ पसरली.

"नाईक, धान्य द्या. लेकरे मरताहेत."

"धान्य आहे हो," नाईक म्हणाला, "पण तिथवर नेईल कोण? कोणत्या आईला सांगू, तुझा मुलगा सोनवटला पाठव म्हणून?"

"मला ओलीस ठेवून घ्या. तुमच्या माणसांच्या केसाला धक्का लागला, तर माझी मान कापा."

नाईकाने ताट पुन्हा त्याच्याकडे सरकवले. "शेटे, ज्या राजाने तुमचा शब्द राखला नाही, तो तुमची मान कशाला राखेल?"

आपल्या बैलावर मावेल तेवढे धान्य घेऊन शेटे एकटाच परतला. तोवर जे चालू शकत होते, ते नगर सोडून गेले होते. न चालू शकणाऱ्यांत त्याची स्वतःची सून आणि तिचे तान्हे बाळ होते. दोघांची चिता शेजाऱ्यांनी आदल्याच दिवशी पेटवली होती. राजा वाड्यात एकटा होता; त्याच्यासाठी चूल पेटवायलाही कोणी उरले नव्हते.

सोनवट पुन्हा वसले नाही.

दिलेला शब्द मोडला जात असताना जो नुसता गप्प बसतो, तोही तो शब्द मोडणाराच असतो. आणि त्याची शिक्षा निरपराधांनाही भोगावी लागते.