खंडेरावांच्या तलवारीची सुरी

“...म्हणजे आता तरी मला एकट्याला रानात धाडाल ना, बाबा?”

हैबतरावानं सुरी पुढं धरली. कोंडीनाथबाबा खलात सुंठ कुटत होते. ते कुटतच राहिले.

बाबांच्या मठीत औषधाला येणाऱ्यांची रीघ असे. पण स्वतःच्या हातानं सुरी घडवल्याशिवाय कुठल्याही शिष्याला एकट्यानं रानात औषधं तोडायला जायची मुभा नव्हती. हैबतराव पडला सरदारघराण्यातला. त्यानं घरच्या माळ्यावरून आजोबांची मोडकी तलवार काढली. विटेच्या चुऱ्यानं गंज घासला, लोहाराच्या भट्टीत पातं तापवून स्वतःच वाकवलं, राळ ओतून शिसवी मूठ बसवली. पात्यावर कोरलेलं ‘खंडेराव’ हे आजोबांचं नाव मात्र जिवापाड जपलं. सुरी खरोखरच देखणी झाली होती, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं.

“पायरीवर म्हातारी बसलीय,” बाबा म्हणाले. “खोकून बेजार झालीय. मागच्या कुंपणाचा अडुळसा आण.”

हैबतराव लगेच जाऊन आला. पानं बाबांपुढं ठेवली. एकेक देठ कसा साफ कापलेला!

“झाडाला सांगितलंस?”

मठीची रीतच होती ती. औषध ज्याच्यासाठी न्यायचं त्याचं नाव आधी झाडाला सांगायचं, मगच पातं लावायचं.

“सांगितलं की! म्हटलं, खंडेरावांच्या तलवारीनं कापतोय.”

बाबांना हसू आवरेना. बत्ता हातातच राहिला.

“अरे, खोकला खंडेरावांना झालाय का?”

हैबतरावाचे कान तापले.

“आणखी मूठभर लागतील. पुन्हा जा.”

पायरीशी तो थबकला. मघाशी जाता-येता दोन्ही वेळा तो म्हातारीला वळसा घालून गेला होता. आता तिच्याजवळ टेकला.

“आजी, नाव काय तुमचं?”

“सगुणा रे लेकरा...” पुढचं खोकल्यात बुडालं.

त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मणका न् मणका हाताला लागला. तो उठून कुंपणाकडं धावत सुटला.

या खेपेला पानं आणली ती त्यानं कुणाला दाखवलीच नाहीत. धुतली, पातेल्यात टाकली आणि स्वतःच चूल फुंकायला बसला. म्हातारीनं घोट घोट काढा घेतला. हळूहळू तिचा खोकला निवळला, आणि भिंतीला टेकून ती डुलकी घेऊ लागली. हैबतराव तिच्याकडं बघत बसला. त्याला फार बरं वाटत होतं.

“सुरी कुठं आहे रे?” बाबांनी विचारलं.

त्यानं कंबर चाचपली. मग इकडंतिकडं पाहिलं.

“...अडुळशाखालीच राहिली, बाबा.”

बाबांनी सुंठ चाळायला घेतली.

“उद्यापासून रानात तूच जा,” ते म्हणाले. “आता लागली सुरीला धार.”