चालत्या गडाचा पहिला भाग

बातमी आली तो साधा गुरुवार होता. रेवणबुवा मठाच्या अंगणात शेळीचं तोंड धरून तिला औषध पाजत होते. पायरीजवळ सतरंजी अंथरलेली, शेजारी पाण्याचा तांब्या.

खालच्या वस्तीवरचा ज्ञानू टेकडी चढून आला.

"बुवा, डॉक्टर गेले. झोपेतच."

"कोणते?" बुवांनी विचारलं.

त्या टेकडीवर एकच डॉक्टर येत असे. मुकुंद देवस्थळी, गुराढोरांचा.

बुवांनी उरलेलं औषध शेळीला पाजलं. सतरंजी त्या दिवशी उचलली नाही.

महिन्याभराने मुकुंदाचे थोरले भाऊ आले. अच्युतराव, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. ज्ञानूने त्यांच्यामागून एक जड गाठोडं वर आणलं आणि पायरीवर ठेवून तो निघून गेला. गाठोडं लाल फडक्यात बांधलेलं होतं, पोथी बांधतात तसं.

"सुरुवात कुठून करायची, एवढंच विचारायचंय," अच्युतराव उभ्यानेच म्हणाले.

"कशाची?"

अच्युतरावांनी गाठ सोडली. आत 'चालता गड' या विनोदी कादंबरीमालेचे भाग होते. पस्तीसेक असतील. रात्री उठून चालायला लागणारा एक किल्ला. रोज सकाळी आपण कोणत्या मुलखात आलो ते विचारत फिरणारा किल्लेदार. ज्याचे मंत्र एक दिवस उशिरा फळतात असा मांत्रिक. आणि गडावरचे तंटे सोडवणारी एक शेळी.

"सोवळ्यात बांधलंय की हो," बुवा फडकं चाचपून म्हणाले.

"पुस्तकं आहेत. नीटच बांधायला हवीत."

"डॉक्टर गाडीच्या डिकीत टाकून आणायचे. पान्ह्या-पकडीशेजारी."

अच्युतरावांनी फडक्याची घडी सरळ केली.

"बसा की, मास्तर."

ते सतरंजीच्या कडेला बसले.

"मी चौकशी केली आहे," ते म्हणाले. "तीन मतं दिसतात. एक, छापली त्या क्रमाने वाचा. दुसरं, कथेतल्या काळाप्रमाणे. कारण गड पहिल्यांदा चालला ती हकिगत सातव्या भागात येते. तिसरं मत असं की एकेक पात्र धरून जावं. आधी मांत्रिकाचे भाग, मग शेळीचे."

"बरीच चौकशी केलीत."

"मला छापल्याचा क्रम पटतो. लेखकाने ज्या वाटेने नेलं त्याच वाटेने जावं. आणि एकदा बसलो की खंड पडता कामा नये. पारायणाला जो नियम तोच याला."

"मग अडलं कुठं?"

"पहिला भाग नाही. कपाटात नाही, दुकानात नाही. मुकुंदाची बायको म्हणाली, मठात असेल."

बुवांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे शेळी खुंटाला बांधलेली होती.

"तिच्याकडं आहे."

"म्हणजे?"

"खाल्ला तिनं. पुठ्ठ्यासकट. दोन वर्षं झाली."

अच्युतराव शेळीकडे बघत राहिले. शेळीही त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग मुकुंद काय म्हणाला?"

"हसले. इतके हसले की या पायरीवर आडवे झाले. मला म्हणाले, बुवा, हिला आता न्यायाधीश करायला हरकत नाही."

अच्युतरावांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तो हसायचा ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं," ते म्हणाले. "रात्री जेवणं झाली की सुरू. मी विचारायचो, काय रे एवढं? तर म्हणायचा, दादा, सांगून नाही कळणार, वाच. मी म्हणायचो, वाचीन. कुठून सुरू करू ते सांग. आणि तो दर वेळी वेगळाच भाग सांगायचा. कधी नववा, कधी एकविसावा. मी म्हणायचो, आधी एक काहीतरी ठरव..."

अच्युतरावांनी वरचं पुस्तक उचलून परत ठेवलं.

"मला बाकी काही नको, बुवा. तो कशाला हसायचा ते कळायला हवं. चुकीच्या ठिकाणी सुरू केलं आणि मला हसूच आलं नाही, तर?"

बुवा उठले. भिंतीचा आधार घेत आत गेले, तांब्या भरून आणला. अच्युतरावांच्या हातात द्यायला गेले, तर तो त्यांच्या हाताच्या वीतभर डावीकडे धरला. अच्युतरावांनी हात पुढे नेऊन तो घेतला.

"डोळे?"

"मोतीबिंदू. दोन्ही. डॉक्टर मागं लागले होते, ऑपरेशन करा म्हणून. मी म्हणालो, गुरांच्या डॉक्टरचं कशाला ऐकू?"

"मग ही पुस्तकं तुम्ही..."

"ऐकली. दर गुरुवारी. शेळीला बघायला म्हणून यायचे, शेळीला काय धाड भरली होती? तुम्ही बसलाय त्या जागी बसायचे."

अच्युतरावांनी खाली सतरंजीकडे पाहिलं. ते कडेवरून मध्ये सरकले नाहीत. उठलेही नाहीत.

"तुम्ही पहिल्यापासून ऐकली का?" त्यांनी विचारलं.

"पहिला तर वाचायच्या आधीच हिनं खाल्ला."

"म्हणजे मधूनच?"

"पहिल्या दिवशी मी विचारलं, हा किल्लेदार कोण? डॉक्टर म्हणाले, त्यालाही नीट माहीत नाही, पुढं ऐका."

अच्युतरावांच्या नाकातून एक लहानसा आवाज आला. हसण्यासारखा. तो त्यांनी खोकल्यात मिसळून टाकला.

वारा सुटला होता. लाल फडक्याचं टोक उडून पुस्तकांवर येत होतं. अच्युतरावांनी ते दाबून धरलं.

"मग क्रमाचं काय, बुवा? काहीतरी सांगा. मी एवढा चढून आलोय."

बुवांनी हात पुढे केला. गाठोड्यातली पुस्तकं एकेक चाचपली. जाडी बघितली, कोपरे बघितले. एकाच्या पुठ्ठ्यावर औषधाचा चिकट डाग होता. त्यावर अंगठा थांबला. ते पुस्तक त्यांनी बाहेर काढलं आणि अच्युतरावांच्या मांडीवर ठेवलं.

"हा तर शेवटचा भाग," अच्युतराव म्हणाले.

"असेल."

"शेवटापासून सुरू करू?"

"शेवटापासून कुठं? निम्म्यातून."

अच्युतरावांनी पुस्तक उघडलं नाही. दोन्ही हात त्यावर ठेवून बसले.

"निम्म्यात काय आहे?"

बुवा भिंतीला टेकले. डोळे मिटले.

"गड नदीकाठी आलाय. एक बुरूज पाण्यात टाकलाय. मांत्रिकानं मंत्र म्हटलाय, पण तो उद्या फळणार. शेळी म्हणते, थांबा. किल्लेदार म्हणतो, चला..."

"मग?"

"डॉक्टर तिथं थांबले. पुढचं वाचायचं राहिलंय."