कापलेली नावं

“...पण अनुग्रह कधी देणार, बुवा?”

विहंगनं विचारलं. पुण्यातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून तो डोंगरावरच्या या मठात आला होता, आणि अचलबुवा त्याला रोज नुसती भाजी निवडायला बसवत होते.

बुवांनी कोपऱ्यातल्या जुनाट संगणकाकडे बोट दाखवलं. “त्यात मठाच्या माणसांची नावं आहेत. यंत्र आता शेवटच्या घटका मोजतंय. नावं तेवढी नव्यात आण.”

विहंग मनातून खूश झाला. भाजीत त्याचा हात बसत नव्हता. हे मात्र त्याचं नोकरीतलं रोजचं काम.

जुन्या फाइलीची मांडणी कधीच मोडीत निघाली होती, आजचा कुठलाही प्रोग्रॅम ती उघडत नव्हता. विहंगनं खटपट करून ती वाचली, नव्या मांडणीत उतरवली, ओळ ओळ ताडून पाहिली. दुपारी तो बुवांसमोर उभा राहिला.

“झालं, बुवा. एक अक्षर सांडलं नाही.”

बुवांनी चष्मा लावला. वाचता वाचता थबकले.

“‘अन्नपूर्णा शि’... ही कोण?”

“जुन्यात तसंच आहे. तिथं नावाचा रकाना आखूड होता. मावेल तेवढं राहायचं, पुढचं कापलं जायचं.”

“आणि नव्यात?”

“नव्यात कितीही लांब नाव मावतं.”

“...मग?”

विहंग जरा घुश्शातच म्हणाला, “जसं आहे तसं आणणं, हेच आमचं काम असतं. आपल्या मनानं भर घालायची नसते.”

“खरंच आहे,” बुवा म्हणाले. आणि जवळचा फोन त्यांनी त्याच्यापुढे सरकवला.

नावांशेजारी नंबर होतेच. विहंगनं नाइलाजानं पहिला फिरवला.

“मठातून बोलतोय. तुमचं पूर्ण नाव हवं होतं.”

पलीकडे कुणी म्हातारी होती.

“माझं? की ह्यांचं?”

“तुमचं, आजी.”

“इथं सगळे फोन येतात ते ह्यांच्या नाहीतर मुलाच्या नावानं...” तिनं घसा साफ केला. मग शाळेत हजेरी द्यावी तसं सावकाश सांगितलं, “अन्नपूर्णा शिवराम तळाशीलकर. लिहिलंस? मावलं का सगळं?”

“मावलं.”

“आता तुझं सांग.”

“विहंग.”

“पूर्ण सांग की रे. मी नाही सांगितलं?”

कंपनीत त्याला सगळे ‘व्हीके’ म्हणायचे. आपलं पूर्ण नाव त्यानं शेवटचं कधी उच्चारलं होतं, त्यालाच आठवेना.

“विहंग मनोहर केळशीकर.”

“केळशीचा? अरे, मी शेजारच्या आंजर्ल्याची. म्हणजे माझ्या माहेरचाच की तू!” आणि तिनं तिथूनच सुनेला हाक मारली, “अगं ये, माहेरचा फोन आलाय.”

विहंगला हसू फुटलं.

पुढचा फोन त्यानं आपणहून लावला. ‘दत्तात्रय मोर’ हे मोरजकर निघाले. ‘भालचंद्र सोन’ सोनटक्के निघाले, आणि म्हणाले, “जागा आहे ना? मग हिचंही नाव घाला. मठात पहिल्यांदा मला तीच घेऊन आली.” विहंगनं घातलं. एकानं नाव सांगता सांगता अभंगच म्हणून दाखवला. एका बाईंनी फोन खाली ठेवायच्या आधी त्याला जेवलास का विचारलं. तो जेवला नव्हता. ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

कापलेलं शेवटचं नाव पुरं झालं तेव्हा दुसरा दिवस कलला होता. स्वयंपाकघरातून वरणाचा वास येत होता. विहंग ओसरीवर आला. त्याचा घसा बसला होता आणि चेहरा उजळला होता.

बुवा पाट मांडत होते.

“झालं, बुवा. पण एक पंचाईत आहे.”

“काय?”

“आता ही यादी जुन्या फाइलीशी जुळत नाही. माझं सगळं काम ताडून बघण्यावर चालतं. हे बरोबर आहे की चूक... कशाशी ताडू?”

बुवांनी शेवटचा पाट मांडला, हात झटकले.

“उत्सवाला येतील. तेव्हा हाक मारून बघ.”