शेणकिड्याचा गोळा सुटेना

कोंडिबाच्या गोठ्यात एक शेणकिडा राहायचा.
एवढासा. काळा काळा. उडदाच्या दाण्याएवढा.

त्याचा एक गोळा होता. शेणाचा. गोल गोल.
शेणकिडा गोळा लोटायचा. तोंड इकडे, गोळा तिकडे. चालायचा उलटा.
गुडगुड गुडगुड.

त्या गोळ्यात होतं एक अंडं. ताईचं अंडं.
ताई आता नव्हती. एके दिवशी गेली ती गेलीच.
जाताना म्हणाली, "अंडं जपशील ना रे?"
शेणकिडा म्हणाला, "जपेन."

गोळा ओल्या मातीत पुरायचा होता. उन्हात वाळला, तर अंडंही वाळणार!
म्हणून शेणकिडा घाईघाईने निघाला.
गुडगुड गुडगुड.

त्या दिवशी होता पोळा. बैलांचा सण.
कोंडिबाचा बैल गुलब्या अंगणात उभा होता. शिंगं लाल. पाठीवर झूल. गळ्यात घुंगुरमाळ. छुम छुम छुम.
गुलब्याने पाय उचलला. खाली राहिला खुराचा खड्डा.
शेणकिडा उलटा चालत होता. त्याला खड्डा दिसलाच नाही.
गुडगुड गुडगुड... गडप!
गोळा खड्ड्यात.
आणि वर गुलब्या बसला. धप्प!

"गुलब्या, गुलब्या, ऊठ ना!
माझा गोळा सुटेना!"

गुलब्या म्हणाला, "हूं! मी नाही उठणार. मी रुसलोय. कोंडिबाच्या सदऱ्यावर जरासा रंग उडाला, तर मला 'गाढव' म्हणाला! माझ्याच सणाला!"
"पण गाढव तर किती ओझं वाहतं!"
"वाहू दे की. मला कशाला त्याचं नाव? आधी कोंडिबाने 'चुकलं' म्हणावं, मग मी उठेन."

शेणकिडा निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.
ओसरीवर कोंडिबा बसला होता. तोंड फुगवून.

"कोंडिबादादा, कोंडिबादादा, गुलब्याला 'चुकलं' म्हण!
गुलब्या काही उठेना,
माझा गोळा सुटेना!"

कोंडिबा म्हणाला, "मी नाही म्हणणार! गुळाच्या जागी मीठ आणलं, तर साळू मला 'बैल' म्हणाली!"
"पण आज तर तुम्ही बैलाची पूजा करता!"
"पूजा बैलाची. नाव मला नको! आधी साळूने 'चुकलं' म्हणावं, मग मी म्हणेन."

शेणकिडा निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.
चुलीपाशी कोंडिबाची बायको साळू बसली होती. तोंड फुगवून. तव्यावर पुरणपोळी करपत होती. चर्र चर्र.

"साळूवहिनी, साळूवहिनी, कोंडिबाला 'चुकलं' म्हण!
कोंडिबा गुलब्याला म्हणेना,
गुलब्या काही उठेना,
माझा गोळा सुटेना!"

साळू म्हणाली, "मी नाही म्हणणार! दोन घटका पाय पसरले, तर वन्सं मला 'म्हैस' म्हणाल्या!"
"पण म्हशीचं दूध तर तुला फार आवडतं!"
"दूध गोड, नाव कडू! आधी ठकूवन्संनी 'चुकलं' म्हणावं, मग मी म्हणेन."

ठकू म्हणजे कोंडिबाची बहीण. सणाला माहेरी आली होती. माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती.
शेणकिडा तिकडे निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

"ठकूआत्या, ठकूआत्या, साळूला 'चुकलं' म्हण!
साळू कोंडिबाला म्हणेना,
कोंडिबा गुलब्याला म्हणेना,
गुलब्या काही उठेना,
माझा गोळा सुटेना!"

ठकूआत्या म्हणाली, "मी नाही म्हणणार! सकाळपासून मी एक शब्द बोलले नाही. एवढंच म्हटलं, की पुरण पातळ झालं, झूल वाकडी झाली, रांगोळी पुसली, चहा निवला आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. तर आबा मला 'कावळी' म्हणाले!"
"पण आत्या, कावळ्याला तर तू रोज घास घालतेस!"
"घास घालीन. घरात नाही घेणार! आधी आबांनी 'चुकलं' म्हणावं, मग मी म्हणेन."

आबा म्हणजे ठकूचे आणि कोंडिबाचे वडील. बाजेवर पडले होते. डोक्यावरून पांघरूण घेऊन.
शेणकिडा बाजेवर चढला. तुरुतुरु तुरुतुरु.

"आबा, आबा, ठकूआत्याला 'चुकलं' म्हणा!
ठकूआत्या साळूला म्हणेना,
साळू कोंडिबाला म्हणेना,
कोंडिबा गुलब्याला म्हणेना,
गुलब्या काही उठेना,
माझा गोळा सुटेना!"

पांघरुणातून आबा म्हणाले, "मी नाही म्हणणार! चिंगी मला 'बोका' म्हणाली! नात माझी, आणि मला बोका?"
"का म्हणाली?"
"साय कुणी खाल्ली म्हणून."
"कुणी खाल्ली?"
"मीच खाल्ली. पण म्हणून बोका म्हणायचं? आधी चिंगीने 'चुकलं' म्हणावं, मग मी म्हणेन."
आबांनी मिशीवरची साय पुसली. आणि पांघरूण पुन्हा ओढून घेतलं.

शेणकिड्याने अंगणाकडे पाहिलं. ऊन गुलब्याच्या शेपटीपर्यंत आलं होतं.
तो पळत सुटला. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

हौदामागे चिंगी बसली होती. कोंडिबाची लेक. नवा परकर, परकराला शेण, आणि गालावर आसवं. मुसुमुसु मुसुमुसु.

"चिंगे, चिंगे, आबांना 'चुकलं' म्हण!
आबा ठकूआत्याला म्हणेनात,
ठकूआत्या साळूला म्हणेना,
साळू कोंडिबाला म्हणेना,
कोंडिबा गुलब्याला म्हणेना,
गुलब्या काही उठेना,
माझा गोळा सुटेना!"

चिंगी म्हणाली, "मी नाही म्हणणार! बाबा मला 'शेणातला किडा' म्हणाले! आधी बाबांनी 'चुकलं' म्हणावं, मग मी म्हणेन."

"बाबा म्हणजे कोण?"
"कोंडिबा!"

कोंडिबा? अरे देवा! कोंडिबाकडे तर तो मघाशीच जाऊन आला होता!
शेणकिडा मटकन खाली बसला.
आता कुणाकडे जायचं?

मग तो एकदम उठला. एवढासा होता, पण ओरडला केवढ्यांदा!

"शेणातला किडा म्हणजे मी! तो मी! ते माझं नाव!
तुझ्या बाबांनी माझं नाव घेतलं. तुला राग आला. ते रुसलेत. तू रुसलीस. अख्खं घर रुसलंय. माझं नाव घेऊन रडतेस, मला कुणी 'चुकलं' म्हटलं का?
मला नाही रुसायला वेळ! माझ्या ताईचं अंडं वाळतंय!"

चिंगीने डोळे पुसले. खाली वाकली. शेणकिड्याकडे अगदी जवळून पाहिलं.
"तुझी ताई कुठेय?"
"नाही."
"कुठे गेली?"
"नाहीच आता. अंडंच आहे."

चिंगीने परकर सावरला.
उठली. आणि धावली. धबधब धबधब!

"आबा, चुकलं!"
आबांनी पांघरूण फेकलं. "ठके, चुकलं गं!"
ठकूआत्या वळली. "साळू, चुकलं हो!"
साळूने तवा उतरवला. "अहो, चुकलं!"
कोंडिबा अंगणात आला. गुलब्याच्या मानेवरून हात फिरवला. "गुलब्या, चुकलं रे राजा!"

गुलब्या म्हणाला, "हम्माऽऽ!"
आणि उठला. छुम छुम छुम!

खाली खड्डा. खड्ड्यात गोळा. गोळा मऊ होता. ओला होता.
ऊन अजून त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं!

सगळे गोल उभे राहिले. सगळे वाकले.
ठकूआत्या म्हणाली, "अगं बाई! एवढंसं शेण! यासाठी सगळ्यांना चुकलं म्हणायला लावलंन्?"
चिंगी म्हणाली, "आत्या, हळू बोल. आत बाळ आहे."
ठकूआत्या गप्प बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

चिंगीने गोळा अलगद वर काढला. शेणकिड्यापुढे ठेवला.
कोंडिबाने चिंगीला जवळ घेतलं. म्हणाला, "चुकलं गं माझं." मग शेणकिड्याकडे पाहून म्हणाला, "तुलाही म्हणतो, चुकलं बाबा माझं."

वेशीकडून डफडं वाजलं. डुबुक डुबुक डुम! गावातले सगळे बैल निघाले. गुलब्यानेही पाय उचलला.
कोंडिबाने कासरा ओढला. "थांब गुलब्या. आधी त्याला जाऊ दे."

गुलब्या थांबला. लाल शिंगांचा, झुलीचा, एवढा मोठा गुलब्या!
आणि त्याच्यापुढून शेणकिडा निघाला. तोंड इकडे, गोळा तिकडे.
गुडगुड गुडगुड.
मागे गुलब्या. छुम छुम छुम.
त्याच्या मागे आबा, साळू, आत्या, कोंडिबा. सगळे हळूहळू.
सगळ्यात पुढे चिंगी. वाटेतले खड्डे दाखवत.

भेंडीच्या वाफ्यात माती ओली होती. शेणकिड्याने माती उकरली. खर्र खर्र. गोळा आत ठेवला. वरून माती लोटली. आणि शेजारी बसून राहिला.

ऊन आलं, गेलं. पाऊस आला, गेला. भेंडीला पिवळी फुलं आली.
शेणकिडा बसूनच राहिला.

एके दिवशी माती हलली.
खुडबुड खुडबुड.
एक डोकं वर आलं. एवढंसं. काळं काळं. अगदी ताईसारखं.
त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग शेणकिड्याकडे पाहिलं.

आणि म्हणालं,
"मामा!"