रेकॉर्डप्लेअरचे रबरी पाय

विषय : काढलेले रबरी पाय परत मिळणेबाबत.

फार पूर्वी, लोक गाणे ऐकायलाही धुतलेली टोपी घालून येत, तेव्हाची गोष्ट. वाचनालयातल्या रेकॉर्डप्लेअरने एकदा आपल्या चार रबरी पायांना विचारले, "गातो मी. तुम्ही काय करता रे?"

"शेजारच्या गिरणीचे हादरे सोसतो, दादा."

"हादरे? इतक्या वर्षांत मला एकही जाणवला नाही. थापाडे कुठले! चालते व्हा."

शिपायाने पाय काढून अध्यक्षांच्या डुगडुगत्या टेबलाला लावले. संध्याकाळी गिरणी सुरू झाली, तशी सुई उड्या मारू लागली. अर्ध्या गाण्यातून लोक उठले, ते पुन्हा आले नाहीत.

रेकॉर्डप्लेअरने माफीनाम्यासह अर्ज केला. तो अध्यक्षांच्या टेबलावर अद्याप प्रलंबित आहे.